आडवी बाटली की उभी बाटली? दारू दुकानाच्या मतदानात मत देण्याआधी काय तपासायचं

गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की सुरू ठेवायचं, यावर महाराष्ट्रात मतदारांना थेट मत देता येतं. या मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव नसतं आणि पक्षाचं चिन्हही नसतं. असतात त्या दोन बाटल्या. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे दुकान सुरू.

वरवर पाहता प्रश्न सोपा वाटतो. दारू नको असेल तर आडवी, हवी असेल तर उभी. पण अनेक गावांत आडव्या बाटलीला जास्त मतं पडूनही दुकान सुरू राहू शकतं, आणि तेही पूर्णपणे नियमानुसार. ते कसं, हे कळल्याशिवाय या मतदानात आपल्या मताची किंमत कळत नाही.

हे मतदान होतं कसं?

राज्य सरकारच्या २५ मार्च २००८ च्या आदेशात याची पद्धत दिली आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के मतदारांनी सह्या करून लेखी मागणी करावी लागते. राज्य उत्पादन शुल्क विभाग त्या सह्यांची पडताळणी करतो. सह्या पुरेशा भरल्या की प्रशासन गुप्त मतदान घेतं. दुकान बंद होण्यासाठी निम्म्याहून जास्त मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो.

इथे 'निम्मे' म्हणजे कशाचे निम्मे, हाच कळीचा मुद्दा आहे. हे निम्मे मतदानाला आलेल्यांचे नसतात. यादीत नाव असलेल्या सगळ्यांचे असतात.

गणित एका गावाचं

समजा, नागपूर जिल्ह्यातल्या एका गावात १,२०० मतदार आहेत. मागणीसाठी ३०० सह्या लागतील. दुकान बंद होण्यासाठी आडव्या बाटलीला किमान ६०१ मतं लागतील.

मतदानाच्या दिवशी ७०० जण आले. ५६० जणांनी आडव्या बाटलीला मत दिलं, १४० जणांनी उभ्या बाटलीला. आलेल्यांपैकी ८० टक्के लोकांना दुकान नको आहे. तरीही दुकान सुरू राहील, कारण ६०१ चा आकडा ४१ मतांनी हुकला.

मग दुकान कोणी वाचवलं? उभ्या बाटलीला मत देणाऱ्या १४० जणांनी नाही. घरी राहिलेल्या ५०० जणांनी. त्यातले काही शेतात होते, काही बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर होते, काहींना 'आपल्याला काय करायचंय' असं वाटलं. नियमाच्या लेखी या सगळ्यांचा परिणाम एकच झाला. या मतदानात गैरहजर राहणं म्हणजे उभ्या बाटलीच्या पारड्यात वजन टाकणं.

याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यायला हवा. दुकान सुरू ठेवू पाहणाऱ्याला लोकांचं मन वळवावं लागत नाही. त्यांना मतदान केंद्रापर्यंत पोहोचू दिलं नाही तरी भागतं. त्या दिवशी अचानक कुठे जेवणावळ निघाली, कामाला दुप्पट रोजी मिळाली किंवा 'वाद नको, जाऊच नका' असा शहाजोग सल्ला आला, तर त्यातून फायदा कोणाचा, हे ओळखता यायला हवं.

यादीतली जुनी नावंही मोजली जातात

एकूण मतदारांवर हिशेब असल्यामुळे यादी स्वच्छ असणं महत्त्वाचं ठरतं. वारलेल्या माणसाचं नाव यादीत राहिलं असेल, तर ते एकूण आकड्यात धरलं जातं. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं किंवा कामासाठी पुण्याला स्थायिक झालेल्या कुटुंबाचं नावही धरलं जातं. ही माणसं मत द्यायला येणार नसतात, पण निम्म्याची रेषा मात्र वर ढकलतात.

म्हणून या मतदानाची तयारी सह्यांच्याही आधी, मतदार यादीपासून सुरू होते. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते. त्या यादीत नवीन नाव नोंदवायला नमुना ६, नाव वगळायला नमुना ७ आणि पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला नमुना ८ भरावा लागतो.

शहरात प्रश्न आणखी किचकट

खेड्यात 'गाव' म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. नागपूर शहरात तसं नाही. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत शहराचे ३८ प्रभाग होते आणि त्यातून १५१ नगरसेवक निवडून आले. म्हणजे बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती. त्या हिशेबाने एका प्रभागात सरासरी साठ हजारांवर माणसं येतात. दुकानाचा त्रास एका वस्तीला असतो, पण मोजणीचा भाग किती मोठा धरणार यावर सगळा खेळ अवलंबून असतो. सह्या गोळा करण्याआधी हे लेखी विचारून घेतलेलं बरं.

शहरातल्या अटीबद्दल वेगळा आकडाही पुढे आला आहे. महापालिकेच्या वॉर्डात झालेल्या मतदानापैकी ७५ टक्के मतं बंदच्या बाजूने पडली तर दुकान बंद केलं जाईल, असं उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी मार्च २०२५ मध्ये विधानसभेत सांगितलं होतं.

ऐकायला ७५ टक्के ही अट ५० टक्क्यांपेक्षा कडक वाटते. पण हिशेब करून पाहा. वॉर्डात १०,००० मतदार आहेत आणि ४,००० जणांनी मत दिलं. 'एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त' हा नियम असेल तर ५,००१ मतं लागतील, म्हणजे सगळे ४,००० एका बाजूला गेले तरी दुकान बंद होणार नाही. 'झालेल्या मतदानाच्या ७५ टक्के' हा नियम असेल तर ३,००० मतं पुरतील. टक्का मोठा की लहान, यापेक्षा तो कशावर मोजला जातो हे महत्त्वाचं. मतदान जाहीर झालं की त्या वेळी लागू असलेला आदेश उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयातून मागून घ्यावा आणि हा एक शब्द शोधावा.

गोव्याने दिलेलं उत्तर

हाच फरक मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर गोव्याचं उदाहरण आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर 'फूल', केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं असेल तर 'दोन पानं'.

यादीत ३,८८,४३२ मतदार होते. त्यांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिलं. दोन पानांना १,७२,१९१ मतं मिळाली आणि फुलाला १,३८,१७०. गोवा वेगळा राहिला आणि पुढे ३० मे १९८७ ला स्वतंत्र राज्य झाला.

दोन पानांची मतं झालेल्या मतदानाच्या सुमारे ५४ टक्के होती. पण एकूण मतदारांच्या तुलनेत ती सुमारे ४४ टक्केच भरतात. आडव्या बाटलीची अट तिथे लावली असती, तर जिंकणारी बाजूही निम्म्याची रेषा ओलांडू शकली नसती.

मत बंधनकारक आहे का?

गोव्याच्या कौलामागे संसदेने १९६६ मध्ये केलेला कायदा होता. प्रत्येक मतदानामागे असा कायदा असतोच असं नाही. याचं उदाहरण नागपुरातच सापडतं.

१९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रांताची आणि नंतरच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारसही केली होती. ही मागणी पुढेही राहिली आणि २०१४ मध्ये 'जनमंच' या संस्थेने नागपुरात या प्रश्नावर लोकांचं मत घेतलं. लोकांनी रांगा लावून मतं दिली. पण राज्यघटनेच्या कलम ३ नुसार नवीन राज्य करण्याचा अधिकार संसदेला आहे. अशा कौलातून लोकभावना दिसते आणि राजकीय दबावही तयार होतो, मात्र सरकारला तो कायद्याने बांधत नाही.

बाटलीचं मतदान याहून वेगळं आहे. ते सरकारच्या आदेशानुसार होतं आणि अट पूर्ण झाली की प्रशासनाला दुकान बंद करावं लागतं. म्हणून कोणत्याही थेट मतदानात पहिला प्रश्न हाच: हे घेतंय कोण, आणि निकाल पाळणं कोणावर बंधनकारक आहे?

बंदी लागली, मग पुढे?

नागपूरच्या शेजारी वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूरचा प्रवास मात्र उलटसुलट झाला. डिसेंबर २०१० मध्ये हजारो महिला चिमूरहून पायी चालत नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर धडकल्या. जिल्ह्यातल्या ५८८ ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले होते. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली. २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू आणि त्यातून वाढलेली गुन्हेगारी हे त्यामागचं मुख्य कारण सांगण्यात आलं.

चंद्रपूरची बंदी सरकारी निर्णयाने आली आणि सरकारी निर्णयानेच गेली. एका दुकानाचं मतदान त्या मानाने लहान असतं, पण त्यालाही पुढचे प्रश्न चुकत नाहीत. परवाना रद्द होणार की दुसऱ्या जागी हलणार? शेजारच्या गावातलं दुकान किती किलोमीटरवर आहे? हातभट्टी किंवा मोहाची दारू गावात आधीच विकली जाते का, आणि तिच्यावर कारवाई करायला कोण येणार?

दोन्ही बाजूंचं म्हणणं

बंदीच्या बाजूचे लोक रोजीचे पैसे, घरातली मारहाण, संध्याकाळी त्या रस्त्याने जाणाऱ्या मुली यांकडे बोट दाखवतात. दुकान सुरू राहावं म्हणणारे सांगतात की पिणारा थांबत नाही, तो लांब जाऊन पितो आणि तशाच अवस्थेत गाडी चालवत परत येतो, किंवा बेभरवशाची गावठी घेतो. दुकानात काम करणाऱ्यांचा रोजगार जातो, हेही ते सांगतात.

या दोन्ही म्हणण्यांत तथ्य असू शकतं. कोणतं आपल्या गावाला लागू पडतं, हे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या व्हिडिओतून कळत नाही. ज्या घरांना त्रास आहे त्यांच्याशी बोलून, जवळपासच्या ज्या गावात दुकान बंद झालं तिथे वर्षभरात काय झालं हे विचारून कळतं.

मतदानाला जाण्याआधी

• लागू असलेला आदेश वाचा: टक्केवारी एकूण मतदारांवर आहे की झालेल्या मतदानावर?
• फक्त महिला मत देणार आहेत की सगळे मतदार?
• यादीत आपलं नाव आहे का? मतदान किती वाजेपर्यंत आहे?
• कोणती बाटली म्हणजे काय, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे का?
• आपल्या बाजूचा निकाल लागला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गावात नेमकं काय बदलेल?

आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवायची. हे मतदान गुप्त असतं. दुकानदार, सरपंच, बचत गटाची अध्यक्ष, नवरा किंवा सासू, कोणालाही आपण कोणत्या बाटलीवर शिक्का मारला हे सांगण्याचं बंधन नाही. पण आपण गेलो नाही, हे मात्र मोजणीत दिसतं, आणि ते एकाच बाटलीच्या कामी येतं.