टेन्शन
(नाम, नपुंसकलिंगी)

चिंता, धास्ती, मनाची ओढाताण किंवा कामाचा डोक्यावरचा भार या अर्थाने मराठीत पुरता रुळलेला इंग्रजी शब्द. यंत्रशास्त्रात त्याचा अर्थ ताण, वीजपुरवठ्यात दाब. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या कारखानदारीच्या पट्ट्यात हे तिन्ही अर्थ एकाच पाळीत, कित्येकदा एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात. म्हणून ही नोंद त्या पट्ट्याला धरून केली आहे.

लेखन : ‘टेन्शन’ आणि ‘टेंशन’ अशी दोन्ही रूपे आढळतात, पहिले अधिक योग्य. मराठीत ‘श’च्या आधीचा अनुस्वार अंश, वंश, संशय या शब्दांप्रमाणे ‘व’कडे झुकतो. टेन्शनमधला ‘न’ स्पष्ट ऐकू येतो, तेव्हा तो जोडाक्षरातच लिहावा. ‘पेन्शन’ आपण तसाच लिहितो. इंग्रजी लेखनात मुले ‘अटेन्शन’च्या वळणावर जाऊन ‘एस’च्या जागी ‘टी’ घालतात. ही गफलत समजण्यासारखी आहे, कारण दोन्ही शब्द ‘तेन्देरे’ म्हणजे ताणणे या एकाच लॅटिन क्रियापदाचे. त्याची ‘तेन्सुस’ आणि ‘तेन्तुस’ अशी दोन धातुसाधिते होती. पहिल्याचा ‘एस’ टेन्शनकडे आला, दुसऱ्याचा ‘टी’ अटेन्शनकडे.

व्युत्पत्ती : लॅटिन ‘तेन्सिओ’, त्यावरून फ्रेंच आणि सोळाव्या शतकात इंग्रजी. मूळ अर्थ निव्वळ ताणलेली अवस्था; मनाच्या ताणाचा अर्थ अठराव्या शतकात जोडला गेला. या लॅटिन क्रियापदाचे इंडो-युरोपीय मूळ आणि संस्कृत ‘तन्’ धातूचे मूळ एकच. तंतू, तंत्र, गाण्यातली तान आणि आपला ताण ही सगळी त्याच घरची मंडळी. टेन्शनला परका म्हणून हाकलू पाहणाऱ्यांनी हे नाते लक्षात घ्यावे. सरकारी कामाचे ‘टेंडर’सुद्धा याच ‘तेन्देरे’चे : हात पुढे करून देऊ करणे हा त्याचा मूळ अर्थ.

कारखान्यातले टेन्शन : पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, पुढे टेल्को आणि बजाज यांच्या आधाराने लहान वर्कशॉपचे जाळे पसरले. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकणला सुरू झाले. या पट्ट्यात टेन्शन ही रोज हाताळायची गोष्ट आहे. मेंटेनन्सचा फिटर मशीन बंद करून दोन पुलींच्या मधोमध बेल्ट अंगठ्याने दाबून बघतो. फार दबला तर बेल्ट घसरणार, तापणार, किंचाळणार. अजिबात दबला नाही तर बेअरिंग लवकर जाणार. ‘ढिला पडलाय, टेन्शन दे’ असे तो हेल्परला सांगतो. मोटरसायकलच्या इंजिनातली टायमिंग चेन खडखडू लागली की मेकॅनिक ‘टेन्शनर गेला’ म्हणतो.

मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये हाच अर्थ डोळ्यांनी पाहता येतो. पोलादाचा तुकडा दोन जबड्यांत धरून मशीन तो हळूहळू ओढते. सुरुवातीला आलेख सरळ रेषेत चढतो. रॉबर्ट हुकने स्प्रिंगबद्दल सांगितलेला नियम तो हाच. १६७६ मध्ये त्याने तो विस्कटलेल्या अक्षरांच्या कोड्यात छापला आणि १६७८ मध्ये उलगडला. कोड्यातून निघालेल्या लॅटिन वाक्यात ‘तेन्सिओ’ हाच शब्द आहे. ती रेषा वाकली की सोडून दिले तरी तुकडा पूर्ववत होत नाही. मग एके ठिकाणी तो बारीक होतो, मान पडते आणि तिथेच ठणकन तुटतो. तुटण्याआधी त्याने जास्तीत जास्त किती ओझे पेलले हा आकडा रिपोर्टवर लिहिला जातो.

वीजपुरवठ्यात टेन्शन म्हणजे व्होल्टेज. लोक ‘हाय टेन्शन लाइन’ किंवा नुसते ‘एचटी’ म्हणतात, महावितरणच्या मराठीत ‘उच्चदाब’.

माणसाचे टेन्शन : मराठीने या शब्दाला स्वतःचे व्याकरण दिले. भूक, झोप, राग यांच्यासारखे टेन्शन माणसाला ‘येते’. कुणी ते ‘देते’, कुणी ते ‘घेते’. ‘टेन्शन घेऊ नको’ यात, न घेणे तुझ्या हातात आहे, असा दिलासा असतो. पण कंत्राट संपून ब्रेक मिळणार असलेल्या कामगाराला तो कितपत पुरतो? ऑडिट लागले, लॉट रिजेक्ट झाला, लाइन थांबली, घराचा हप्ता थकला, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीची बस अडकली : सगळ्याला हाच शब्द. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून आलेली माणसे एका खोलीत राहतात, तेव्हा एकमेकांना कळणारा मनाबद्दलचा शब्द बहुधा टेन्शनच असतो. ‘काळजी’ त्याच्या जागी चालत नाही. काळजीत माया असते, ‘काळजी घे’ असे आपण निरोप देताना म्हणतो. ‘घोर’ आणि ‘विवंचना’ घरात, वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात टिकून आहेत. सुपरवायझरपुढे ते कुणी उच्चारत नाही. टेन्शन मात्र पुरुषालाही मान खाली न घालता सांगता येते, आणि ही या शब्दाची मोठी सोय आहे.

धोकाही तिथेच आहे. उडालेली झोप, छातीतली धडधड, महिनोन्‌महिने टिकणारी उदासी, जगणे नकोसे वाटणे, हे सगळे ‘जरा टेन्शन आहे’ एवढ्यावर निभावले जाते आणि ऐकणाराही तेवढेच ऐकतो. लेस्ली जो वीव्हर या मानवशास्त्रज्ञ बाईंनी उत्तर भारतातल्या स्त्रियांच्या ‘टेन्शन’वर २०१७ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला, दुःख सांगण्याची लोकांची स्वतःची भाषा म्हणून त्यांनी या शब्दाकडे पाहिले. डॉक्टरने आणि कारखान्यातल्या वेल्फेअर ऑफिसरनेही हा शब्द ऐकल्यावर ‘म्हणजे नेमकं काय होतंय?’ असे विचारायला हवे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते.

हायपरटेन्शन : उच्च रक्तदाब. यातले टेन्शन रक्तवाहिन्यांतल्या दाबाचे, मनाचे नव्हे. नावामुळे गैरसमज होतो आणि तो महागात पडतो : ‘मला कसलंच टेन्शन नाही’ म्हणून गोळी बंद केली जाते. या विकारात बहुतेकांना वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. तो कळतो तो दंडाला पट्टा बांधून दाब मोजल्यावरच. मन शांत असले तरी दाब वाढलेला असू शकतो. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये.