बुद्धिमत्ता चाचणीचा सराव : किती, कशाचा आणि कुठवर?



मूल प्रायमरी थ्रीमध्ये गेले की पालकांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो : "रिझनिंगची तयारी कुठे करून घेता?" आपल्यापैकी बऱ्याच जणांनी चौथी-सातवीची स्कॉलरशिप दिलेली असते, 'बुद्धिमत्ता चाचणी' गाइडमधून घोटलेली असते आणि पुढे कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी आर. एस. अगरवाल यांचे जाडजूड पुस्तकही पालथे घातलेले असते. सराव केला की जमते, हा आपला अनुभव आहे आणि तो खोटा नाही. पण सिंगापूरमध्ये आज नेमकी कोणती परीक्षा आहे, हे पाहूनच क्लासची फी भरावी.

सिंगापूरमध्ये काय बदलले?

इथला गिफ्टेड एज्युकेशन प्रोग्रॅम (जीईपी) १९८४ साली सुरू झाला. प्रायमरी थ्रीच्या मुलांची ऑगस्टमध्ये इंग्रजी आणि गणिताची पहिली फेरी होत असे. त्यातून निवडलेल्यांची ऑक्टोबरमध्ये दुसरी फेरी, आणि या दुसऱ्या फेरीत 'जनरल अ‍ॅबिलिटी' म्हणजे तर्कक्षमतेचा पेपर असे. शेवटी साधारण एक टक्का मुले निवडली जात. या एक टक्क्यासाठी किती घरांतील रविवार खर्ची पडले असतील, त्याची मोजदाद नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान लॉरेन्स वाँग यांनी नॅशनल डे रॅलीच्या भाषणात जीईपी त्या स्वरूपात बंद करण्याची घोषणा केली. २०२४ साली पहिलीत असलेली मुले ही नव्या पद्धतीची पहिली तुकडी. नव्या पद्धतीत दोन फेऱ्यांऐवजी एकच चाचणी, जोडीला शिक्षकांचे निरीक्षण आणि मुलाचे रोजचे काम, आणि चौथी ते सहावीच्या दरम्यान पुन्हा संधी. म्हणजे तर्कक्षमतेचा पेपर ज्या फेरीत असे, ती फेरीच उरली नाही. सेकंडरीच्या डायरेक्ट स्कूल अ‍ॅडमिशनमध्येही शाळा अशा सामान्य क्षमता चाचण्या घेत असत, पण २०१८ पासून शिक्षण मंत्रालयाने त्या थांबवल्या.

तेव्हा 'जीईपी जनरल अ‍ॅबिलिटी' असे नाव असलेला कोर्स कुणी सुचवला, तर तो कोणत्या परीक्षेसाठी आहे, हे आधी विचारा.

सरावाने किती फरक पडतो?

फरक पडतो, पण आपल्याला वाटतो तेवढा नाही. २००७ साली 'जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी'मध्ये हाउसक्नेख्ट आणि सहकाऱ्यांनी ५० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. तशीच चाचणी दुसऱ्यांदा दिल्यावर गुण सरासरी पाव 'स्टँडर्ड डेव्हिएशन'ने वाढले. बुद्ध्यंकाच्या भाषेत साधारण चार गुण. शिकवणी असेल तर वाढ थोडी जास्त. यातला मोठा भाग प्रश्नाचा साचा ओळखीचा होण्यातून येतो. मुलाने आकृत्यांची मालिका कधी पाहिलेलीच नसेल, तर पहिली पाच मिनिटे "हे विचारतात काय?" यातच जातात. हा तोटा चार-सहा बैठकांत भरून निघतो. पुढचे शंभर वर्कशीट मुख्यतः वर्कशीट सोडवायला शिकवतात.

साचे कोणते दाखवावेत?

संख्यामालिका : ३, ६, ११, १८, २७, ? फरक ३, ५, ७, ९, म्हणून पुढचा ११ आणि उत्तर ३८. मुलाला फरक खाली लिहायची सवय लावा. तोंडी करण्याच्या नादात हुशार मुलेही घसरतात.

सांकेतिक भाषा : इंग्रजी अक्षरांचे क्रमांक पाठ नसले तर वेळ जातो. ई, जे, ओ, टी, वाय म्हणजे ५, १०, १५, २०, २५ एवढे पक्के असले की बाकीची बोटांवर निघतात. उलट क्रमातील जोडीची बेरीज नेहमी २७ : ए-झेड, बी-वाय.

आरशातील घड्याळ : ११ वाजून ६० मिनिटांतून वजा करा. आरशात ३:४० दिसले तर खरी वेळ ८:२०. पण आधी खरे घड्याळ आरशासमोर धरा, युक्ती नंतर सांगा.

गटात न बसणारा शब्द : इथे उत्तरापेक्षा कारण विचारा. मुलाचे उत्तर छापील उत्तराशी जुळले नाही, पण कारण पटण्यासारखे असले, तर शाबासकी द्या आणि "परीक्षकाला कोणते सुचले असेल?" असे पुढे विचारा. माझ्या मते सगळ्या सरावात हा प्रकार सर्वांत मोलाचा आहे.

शाब्दिक साम्यसंबंधात आपल्या घरांची एक खास अडचण असते. कुत्र्याचे पिल्लू 'पपी', तर घोड्याचे? मुलाला संबंध कळलेला असतो, आजीकडून 'शिंगरू'ही ऐकलेले असते, पण 'फोल' हा शब्द वाचनात आलेला नसतो. ही तर्काची चूक नव्हे, शब्दसंग्रहाची. त्यावर उपाय नॅशनल लायब्ररीचे कार्ड. रिझनिंगच्या क्लासने ते भरून निघत नाही. घरात मराठी बंद करणे हाही उपाय नव्हे.

पुस्तके

ब्रास बसा कॉम्प्लेक्समधील 'पॉप्युलर'मध्ये असेसमेंट बुक्स मिळतात. एक पुरे. भारतातून स्कॉलरशिपचे गाइड मागवत असाल तर इयत्ता तपासा : ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली होती आणि ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. त्यातील आकृत्यांचा भाग भाषेवाचून सोडवता येतो, म्हणून मराठी वाचता न येणाऱ्या मुलांनाही चालतो. आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटे, आणि घड्याळ लावणे शेवटच्या दोन आठवड्यांतच.

बदली होऊन सिडनीला जाणाऱ्यांसाठी : न्यू साउथ वेल्सच्या सिलेक्टिव्ह हायस्कूल परीक्षेत २०२१ पासून 'थिंकिंग स्किल्स' हा स्वतंत्र भाग आहे. त्यात आकृत्यांपेक्षा युक्तिवादातील चूक ओळखण्यावर भर असतो, त्यामुळे वरील साच्यांचा तिथे थोडाच उपयोग होईल. राज्य शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्न विनामूल्य आहेत, आधी ते सोडवून पाहा.