न्यायालयाकडून वर्गाकडे

नाशिकहून निफाडमार्गे विंचूर ओलांडले की पुढे येवले लागते. तेथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली, हे आपण सारे जाणतो. त्या वेळी ते मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य होते, याचे स्मरण मात्र क्वचितच केले जाते.

लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. अस्पृश्यतेचा कलंक तेथेही आडवा आला. सॉलिसिटर त्यांच्याकडे खटले देईनात. १९२५ पासून ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवू लागले. जून १९२८ मध्ये विधि महाविद्यालयात हंगामी प्राध्यापक आणि १ जून १९३५ रोजी तेथेच प्राचार्य झाले. वकिली त्यांनी अजिबात टाकली नाही. तरी त्यांच्या विद्वत्तेला खरा वाव वर्गात मिळाला, असे आम्हांस वाटते. वकिलाला आपल्या अशिलापुरता अर्थ सांभाळून भागते. शिक्षकाला त्याच शब्दाच्या सर्व बाजू विद्यार्थ्यांपुढे मांडाव्या लागतात.

कायद्याचे लेखन करणाऱ्यालाही हेच करावे लागते. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांच्या, गुंतागुंतीचा आशय सोप्या व नेमक्या भाषेत मांडण्याच्या हातोटीचा आवर्जून गौरव केला. शब्दाचे मोल जाणणाऱ्यानेच दिलेली ती पावती होती.

ते मोल आम्हां ख्रिस्ती कुटुंबांना चांगले ठाऊक आहे. पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म प्रकट करण्याच्या व आचरण्याच्या हक्काबरोबर त्याच्या ‘प्रसारा’चाही हक्क आहे. हा एक शब्द गाळावा, असा आग्रह डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत काही सभासदांनी धरला होता. शब्द टिकला. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला, की आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क यात आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क मात्र यात नाही. एका शब्दावर केवढे अवलंबून असते!

आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुली आज कायद्याचे शिक्षण घेत आहेत. त्यांच्यापैकी कुणी न्यायालयाची पायरी सोडून शिकवण्याकडे वा मसुदालेखनाकडे वळला, तर घरच्यांनी ती माघार समजू नये. तेथेही न्यायाचीच सेवा घडते.