धर्मनिष्ठेची व्याख्या : अथेन्समधील एक अनुत्तरित प्रश्न

ख्रिस्तपूर्व ३९९ साली धर्मद्रोहाच्या आरोपावरून अथेन्सने सॉक्रेटिसला विषाचा पेला दिला, हे आपण जाणतो. परंतु ज्या धर्मनिष्ठेचा त्याने भंग केला म्हणतात, ती म्हणजे नेमके काय, हे त्याच्या न्यायाधीशांना तरी सांगता आले असते का? त्याचा शिष्य प्लेटो याने ‘युथिफ्रो’ या छोटेखानी संवादात हाच प्रश्न मांडला आहे.

धर्मविषयक खटल्यांची प्राथमिक चौकशी ‘राजा’ ही पदवी असलेला अधिकारी करीत असे. त्याच्या कचेरीपुढे, जिचे अवशेष १९७० साली उत्खननात सापडले, दोघांची भेट होते. सत्तरीचा सॉक्रेटिस आरोपी आहे. युथिफ्रो फिर्यादी, आणि त्याची फिर्याद आहे खुद्द वडिलांवर! नॅक्सॉस बेटावर त्यांच्या शेतमजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला ठार मारले. वडिलांनी मजुराला बांधून खड्ड्यात टाकले आणि धर्मशास्त्र्यांचा सल्ला घेण्यास अथेन्सला माणूस धाडला. तो परतण्यापूर्वीच मजूर भुकेने व थंडीने मेला. बापावर खटला भरणे हा अधर्म, असे घरचे म्हणतात. खुनाचा विटाळ खपवून घेणे हाच अधर्म, असे युथिफ्रोचे म्हणणे.

मग धर्मनिष्ठा म्हणजे काय? ‘मी करतो आहे ते,’ असे तो प्रथम सांगतो. पण हे झाले उदाहरण; व्याख्या नव्हे. ‘देवांना प्रिय ते’, हे दुसरे उत्तर. परंतु ग्रीकांचे देव तर आपसांत भांडत. झ्यूसने आपल्या पित्याला बेड्या घातल्याची कथा युथिफ्रोनेच आधारासाठी सांगितली होती. ‘सर्व देवांना प्रिय ते’, अशी दुरुस्ती होताच सॉक्रेटिस मर्मावर बोट ठेवतो : एखादे कृत्य धर्म्य आहे म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून धर्म्य ठरते? पहिले मानले, तर देवांची आवड हा परिणाम ठरतो आणि मूळ गुण अज्ञातच राहतो. दुसरे मानले, तर आवड बदलताच धर्मही बदलेल.

पुढे धर्मनिष्ठा हा न्यायाचाच एक भाग आहे, असा विचार निघतो. पण देवांची सेवा म्हणजे बळी व प्रार्थना एवढेच असेल, तर तो देवघेवीचा व्यापार ठरतो. फिरून चर्चा मूळ जागी येते आणि युथिफ्रो घाईचे निमित्त सांगून निघून जातो.

ही अडचण एकट्या युथिफ्रोची नव्हती. ग्रीक धर्माला श्रद्धेचे सूत्र नव्हते, एकच प्रमाणग्रंथ नव्हता. यज्ञबळी, उत्सव, शपथा, मातापित्यांचा मान यांतून धर्मनिष्ठा आचरली जाई. तिची व्याख्या करण्याची गरज कोणाला भासली नव्हती. व्याख्या नसताना शिक्षा मात्र होती. सुमारे पाचशे नागरिकांनी बहुमताने सॉक्रेटिसला दोषी ठरविले; केवळ तीस मते फिरती, तर तो सुटला असता.

दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांवर नास्तिकतेचा आरोप झाला, तेव्हा संत जस्टिन यांनी सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनपत्रात सॉक्रेटिसचे स्मरण केले. पुढे जस्टिनही रक्तसाक्षी झाले. दुसऱ्याला अधर्मी म्हणण्यापूर्वी धर्म म्हणजे काय हे स्वतःला विचारावे, एवढे तरी त्या कचेरीच्या पायरीवरून आपण घेऊन यावे.