आयर्लंड ते अंबरनाथ : कायद्याच्या पोथीतून जन्मलेली रहस्यकथा

मध्ययुगाच्या आरंभकाळातील केल्टिक जगात, म्हणजे प्रामुख्याने आयर्लंड आणि वेल्स या प्रदेशांत, घडणाऱ्या ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांनी इंग्रजी साहित्यात स्वतःचे दालन निर्माण केले आहे. गुन्हा, तपास आणि उलगडा हा रहस्यकथेचा साचा त्यांत कायम असतो. मात्र तपास करणारी व्यक्ती त्याच काळातील असते. तिच्या हाती बोटांचे ठसे नसतात की प्रयोगशाळा नसते. तिला आधार असतो तो तर्काचा, माणसांच्या पारखेचा आणि त्या समाजातील कायद्याचा.

या प्रकाराची वाट रुंद केली ती एलिस पीटर्स यांनी. एडिथ पार्जेटर या लेखिकेचे हे टोपणनाव. त्यांची ब्रदर कॅडफेल मालिका १९७७ मध्ये सुरू झाली. वेल्समध्ये जन्मलेला आणि इंग्लंडमधील श्रूसबरीच्या मठात औषधी वनस्पतींची बाग सांभाळणारा हा साधू बाराव्या शतकातला आहे. पहिल्याच कादंबरीत एका संत स्त्रीच्या अस्थी आणण्यासाठी मठवासी वेल्समध्ये जातात आणि त्यांना विरोध करणाऱ्या स्थानिक जमीनदाराचा खून होतो.

सिस्टर फिडेल्मा

याहून जुन्या काळात शिरले ते पीटर ट्रेमेन. हे टोपणनाव आहे केल्टिक इतिहासाचे अभ्यासक पीटर बेरेसफोर्ड एलिस यांचे. त्यांची नायिका सिस्टर फिडेल्मा ही सातव्या शतकातील आयरिश जोगीण, मुमनच्या राजघराण्यातील कन्या आणि न्यायसभेत वकिली करण्याचा अधिकार असलेली विदुषी. १९९३ मध्ये तिच्या लघुकथा आणि १९९४ मध्ये पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. त्या कादंबरीची पार्श्वभूमी आहे इ. स. ६६४ मधील व्हिटबीच्या धर्मसभेची. ईस्टरची तिथी कोणत्या गणनेने ठरवावी, यावरून रोमन आणि आयरिश परंपरा तेथे समोरासमोर आल्या होत्या. पुढे या मालिकेत तीसहून अधिक पुस्तके निघाली.

फिडेल्माचे खरे शस्त्र म्हणजे 'ब्रेहन' या नावाने ओळखला जाणारा प्राचीन आयरिश कायदा. त्यात खुनाच्या गुन्ह्यालाही मुख्यतः देहदंडाऐवजी भरपाईची तरतूद होती आणि तिची रक्कम व्यक्तीच्या सामाजिक प्रतिष्ठेनुसार ठरत असे. स्त्रियांच्या मालमत्तेचा आणि घटस्फोटाचा विचारही त्यात आहे. पोथीतील हक्क आणि प्रत्यक्ष जगणे यांत अंतर असणारच. तरीही पोथी शिल्लक राहिली म्हणूनच फिडेल्मा उभी राहू शकली, हे विसरता येत नाही.

मराठीतील स्थिती

मराठीत ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकथा या दोन्ही परंपरा जुन्या आणि लोकप्रिय आहेत. मुरलीधर खैरनार यांची 'शोध' आणि डॉ. प्रकाश कोयाडे यांची 'प्रतिपश्चंद्र' या अलीकडच्या कादंबऱ्यांनी त्यांची सांगड घातली, पण त्यांत शोध घेणारी माणसे आजची आहेत. फिडेल्मासारखा, आपल्याच काळातील गुन्ह्याचा छडा लावणारा मध्ययुगीन नायक घडवायचा, तर त्यासाठी साधने आहेत काय? या प्रश्नाचे उत्तर उल्हासनगर आणि बदलापूर यांच्या मधोमध, अंबरनाथच्या शिवमंदिरात सापडते.

वालधुनीकाठचे हे मंदिर उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातील. त्यातील शिलालेखात मम्वाणी अर्थात मुम्मुणी राजाचे नाव आहे. या लेखाच्या काळाचा निर्णय हीच एक तपासकथा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील वर्ष शके ७८२, म्हणजे इ. स. ८६०, असे वाचले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असे दाखवून दिले. एका अंकाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले. या दुसऱ्या वाचनाला इतर साक्षीही मिळतात. नवव्या शतकाच्या मध्यास कोकणात पुल्लशक्ती आणि त्याचा पुत्र कपर्दी हे शिलाहार होते, असे कान्हेरीचे लेख सांगतात. मुम्मुणीचा थोरला भाऊ छित्तराज याचा भांडुप येथील ताम्रपट मात्र शके ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा आहे. तेव्हा मुम्मुणी ८६० मध्ये असणे शक्यच नव्हते.

न उलगडलेले कोडे

छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. तिघांचाही आश्रय लाभलेला सोड्ढल हा कवी 'उदयसुंदरीकथा' लिहून गेला. मुम्मुणीनंतर काय घडले? नागार्जुनाचा पुत्र अनंतदेव याच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात भाऊबंदांच्या वैरामुळे ओढवलेल्या संकटाचा आणि कोकणात देवब्राह्मणांना छळणाऱ्यांचा उल्लेख येतो. वैर नेमके कोणाचे आणि कशावरून, हे ताम्रपट सांगत नाही. रहस्यकादंबरीला याहून चांगले बीज कोणते हवे?

आणि कायद्याची पोथी? तीही याच घराण्याने दिली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'अपरार्क' ही विख्यात टीका बाराव्या शतकातील शिलाहार राजा अपरादित्याच्या नावावर आहे. वारसा, ऋण, साक्षी, दंड यांचा तीत ऊहापोह आहे. अनंतदेवाच्या काळातील तपासनीसाच्या हाती ही टीका देता येणार नाही, कारण ती नंतरची. मूळ स्मृती मात्र तेव्हाही प्रमाण होती. शिलाहारांचे कोरीव लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी एका खंडात संपादित केले. तो खंड १९७७ चा, म्हणजे कॅडफेलच्या पहिल्या कादंबरीच्याच वर्षाचा.

अशा कादंबरीचे पथ्य एकच. लेखात जे कोरलेले आहे ते बदलायचे नाही आणि जे कोरलेले नाही ते कल्पनेने भरताना ती कल्पना आहे हे वाचकापासून लपवायचे नाही. निर्वासितांची छावणी, कारखाने आणि गर्दीच्या लोकलगाड्या एवढीच ओळख उरलेल्या या पट्ट्याला हजार वर्षांपूर्वी राजे, कवी, मंत्री आणि पाथरवट होते. राजांची नावे दगडावर राहिली. इतरांची बाजू मांडायला एखादी फिडेल्मा अजून यायची आहे.