साइटमॅप
संकेतस्थळावरील पानांच्या पत्त्यांची, शोधयंत्रांसाठी केलेली एक्सएमएल यादी. शोधयंत्राचा क्रॉलर एका दुव्यावरून दुसऱ्यावर जात पाने गोळा करतो. रकाने भरून ‘शोधा’ दाबण्याच्या भानगडीत तो सहसा पडत नाही. त्यामुळे ग्रंथालयाच्या सूचीसारखी, मागणीनुसार डेटाबेसमधून तयार होणारी पाने त्याच्या नजरेतून सुटतात. यावर उपाय म्हणून गूगलने २००५ मध्ये ही पद्धत आणली. २००६ मध्ये याहू व मायक्रोसॉफ्ट तीत सामील झाले. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते देता येतात. यादीत आलेले पान शोधात दिसेलच, याची हमी नसते. पत्त्यासोबत शेवटच्या बदलाची तारीख देता येते, आणि ती विश्वासार्ह असेल तरच गूगल विचारात घेते. प्राधान्याचा रकाना मात्र नावापुरताच उरला आहे : आपले पान कमी महत्त्वाचे, असे कोण लिहील? गूगल तो वाचतच नाही.