शिल्पकार करमरकर यांचें ओतकाम

पुण्याच्या श्रीशिवाजी मिलिटरी स्कूलच्या आवारांतील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना त्याचे कर्ते विनायक पांडुरंग करमरकर ठाऊक असतातच असें नाहीं. अलिबागेजवळील सासवणें गांवीं १८९१ सालीं ते जन्मले. देवळाच्या भिंतीवर त्यांनीं काढलेलें शिवाजीमहाराजांचें चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडलें आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचें दार उघडलें. पुढें कलकत्ता, लंडन हें ओघानेंच आलें.

खरी कसोटी १९२८ ची. मुंबईचा ‘काळा घोडा’, म्हणजे युवराज एडवर्ड यांचा पुतळा, १८७९ मध्यें विलायतेहून तयार होऊन आला होता. करमरकरांनीं मात्र साडेतेरा फूट उंचीचा, सुमारें आठ टन वजनाचा आपला ब्राँझचा पुतळा माझगांवच्या गोदींत ओतविला, आणि तोहि एकसंध! मातींतली चूक बोटानें पुसतां येते. वितळलेला रस सांच्यांत शिरला कीं कलावंताच्या हातीं कांहीं उरत नाहीं. तुकडे ओतून जोडले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. त्याच वर्षीं जूनमध्यें पुतळ्याचें अनावरण झालें, तें मात्र इंग्रज गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें.